तुझ्या नावाखालची पांढरी अक्षरं

मोहाडी, १२ जुलै

प्रिय रेणू,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मार्चमध्ये मोडलेल्या तुझ्या स्थळाबद्दल लिहिते आहे. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायला मनाई केली. शेजारच्या डिंपलनं माझ्या फोनला पानं मोठ्यानं वाचायला लावलं. दहा दिवसांपूर्वी सकाळी समाजाच्या वधू-वर वेबसाईटवरची स्थळं ऐकत होते. सहा वर्षं ते काम माझ्याकडे आहे, डोळ्यासाठी थोडंच सोडणार? शकुबाई समोर तांदूळ पाखडत बसली होती. फोन सपाट आवाजात म्हणाला, रेणू चंद्रभान निमजे, बी.एस्सी., उंची पाच फूट दोन इंच. आणि त्याच सुरात पुढे रात्रीच्या बायका, त्यांचे दर, जुगाराचे अड्डे, पुरुषांची औषधं. मग पुन्हा शांतपणे, वडिलांचा व्यवसाय हातमाग. शकुबाईचं सूप हातातच राहिलं. "बंद करा न बाई! पोरीचं नाव घेऊन काय वाचून राहिला तो!"

मनाई मोडून पान पाहिलं. स्वच्छ. भंडाऱ्याहून धनंजयला बोलावलं, तो वेबसाईटची कामं करतो. त्यानं पानावरून नुसता माउस ओढला आणि कोऱ्या जागेतून ती अक्षरं वर आली. पांढऱ्यावर पांढरी. कुणीतरी चोरून शिरून लिहून गेलं होतं. माणसाला दिसत नाहीत, गूगलला दिसतात, आणि गूगलवर नाव शोधणाऱ्याला नावाखाली तेच वाचायला मिळतं. अशा एकशे चाळीस मुली निघाल्या. कोणत्या हातांनी लिहिलं असेल? तुम्हा पोरींचे चेहरेही त्यांनी पाहिले नसतील, नावं म्हणजे त्यांना नुसती भिंत, थुंकायला. आणि दार उघडं कुणी ठेवलं? पासवर्ड समाजाचं नाव आणि एक-दोन-तीन. मीच ठरवला, मेळाव्यात अकरा सभासदांसाठी फळ्यावर लिहिला, आणि सहा वर्षांत बदलला नाही. धनंजय हसला नाही, हे त्याचे उपकार. घाण काढली, वेबसाईट बंद केली. गूगलवरून पुसायला अजून काही दिवस लागतील.

मार्चमध्ये तू हेच सांगत होतीस. जवाहरनगरचा तो मुलगा अंकुर, त्याच्या बहिणीनं तुझं नाव शोधलं आणि त्यांनी नकार कळवला, असं तू म्हणालीस. मी आपली वेबसाईट उघडली, काही दिसलं नाही. तू फोनवर त्या गूगलच्या पानाचा फोटो पाठवलास. आजकाल कसलेही फोटो बनवता येतात, असं मी म्हणाले. आधीची दोन स्थळं तू नाकारली होतीस, तेव्हा हे स्थळही तूच मोडलंस आणि हे नुसतं निमित्त, असं मी भर बैठकीत तुझ्या बाबांना सांगितलं. चंद्रभान माझ्यापुढे कधी बोलत नाही, तोसुद्धा म्हणाला, "पोरगी खोटं कायले बोलन, बाई?" मी त्याला गप्प केलं. तू बॅग भरून नागपूरला गेलीस.

मी चुकले. गेल्या रविवारी सभेत उभी राहून हे सांगितलं, पासवर्डसकट. तुझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

जवाहरनगरच्या लोकांनाही कळलं. काल निरोप आला, गैरसमज झाला, आता होकार आहे. तुझे बाबा इतके खूश झाले की लगेच सुपारी फोडायच्या गोष्टी करू लागले. मी त्यांना अडवलं आहे. त्या घरानं तुला एक शब्द न विचारता नावं ठेवली, आणि मीही विचारलं नव्हतं. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. तुला हे स्थळ हवं आहे का? हो म्हण, नाही म्हण, किंवा मला लग्नच करायचं नाही म्हण. तू कळवशील तेच शब्द मी स्वतः जवाहरनगरला जाऊन सांगेन, त्यातला एकही न बदलता. तोवर या घरातून कुणी काही कळवणार नाही.

तुझीच,
सुलोचना आत्या