ह्यांचा ट्रेलर

रेश्माच्या बापास,

भंगार म्हणलं मी, म्हणून कुणी घर सोडतं व्हय? कोळवणच्या फार्महाऊसवाल्यानं टाकून दिलेला तो झोपायचा ट्रेलर तुमीच ओढून आणलात. जीपमागं लावून डोंगरात न्यायचा म्हणं! आत कोंबड्या अंडी घालत होत्या, आन् तुमास्नी माझा एक शब्द लागला.

शेवटी मीच केला नीट. पौडचा वेल्डर आणला, खालचे स्प्रिंगचे पाटे बदलले, नवा प्लाय ठोकला, टपावर सोलर बसवला. सुतारानं पलंगाचं माप विचारलं, तर तुमचा सदरा न् लेंगा जमिनीवर पसरून दावला आन् डोक्यासाठी वर दीड वीत सोडली. रुंदी दोघांची सांगितली.

पेंटर म्हणला, "मागं नाव कुणाचं टाकू?" तुमचं नाव मी कधी तोंडानं घेतलंय? म्हणलं, "ह्यांचं टाक." पाणी घेऊन येतीया तर मेल्यानं लाल रंगात हे एवढं मोठं "ह्यांचं" लिवलेलं! शेजारची गोजराबाई रोज हसती, "काय गं, 'ह्यांचं' कवा येणार?" पुसलं न्हाई मी.

तुमी महाळुंगंत वॉचमन हाय एवढंच कळलं, बिल्डिंग कुटली ते कुणी सांगंना. आधीचं पत्र पिठाच्या डब्यामागं पडलंय, हेबी तितंच जाईल. तरी सांगते. शनिवारी ट्रेलर भाड्यानं न्यायला पुण्याचं पहिलं गिऱ्हाईक येतंय. तुमच्या आधी त्या पलंगावर मी कुणाला आडवं होऊ देणार न्हाई. येताय का न्हाई, शुक्रवारपर्यंत कळवा.

रेश्माची आय