शकुनचा नंबर

१२ सप्टेंबर
अकोल्याहून बदली झाली, एकदाची अमरावतीत आले. साईनगरात तळमजल्यावर दोन खोल्या, दारात पारिजातक, मागे पिठाची चक्की. ती दिवसभर घरघरते, पण दळणाची सोय झाली. सामान लावून लगेच तिवस्याहून बाबांना घेऊन आले. शेतावर एकटे राहायचे, चार महिन्यांत दोनदा पडले. दसऱ्याचा झेंडू सोडून येणं त्यांच्या जिवावर आलं होतं. गाडीत तोंड फुगवून बसले, पण मोझरी आल्यावर चहा मागितला. राग निवळला म्हणायचा.

१४ सप्टेंबर
बाबांसाठी घड्याळ घेतलं. माणूस पडला की ते आपोआप फोन लावतं. एक घड्याळ मोबाइल जवळ असला तरच चालायचं. बाबा मोबाइल कुठेही विसरतात, ते बाद. दुसऱ्याचा पट्टा त्यांच्या राठ बोटांना लागेना. शेवटी स्वतःचं सिमकार्ड असलेलं, न्हाणीतही चालणारं निवडलं. दुकानदार धम्मदीप भारी हौशी. घड्याळ स्वतः बांधून त्यानं गादीवर धाडकन अंग टाकून दाखवलं. बाबांना हसून हसून ठसका लागला. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, असे हसले नव्हते. मी पट्टे बघेपर्यंत धम्मदीपनं त्यांना विचारून बाकीची माहिती भरून टाकली.

१८ सप्टेंबर
दुपारी बारा चाळीसला बाबा न्हाणीत पडले. मला फोन आलाच नाही. सहाला घरी आले तर खाटेवर झोपलेले, अंगात कोरडे कपडे, डोक्याखाली उशी. कोणी उचललं विचारलं, तर म्हणाले, तुह्या मायनं. मला हसू आलं, मग रडू.

घड्याळात पाहिलं. फोन ‘शकुन’ला, म्हणजे आईच्या नंबरावर गेला होता. दुकानात बाबांनी तोच सांगितला, त्यांना तेवढा एकच पाठ आहे. आई गेल्यावर तो मीच बंद केला होता. तरी कुणीतरी उचललेला, चार मिनिटं. मी लावला तर अस्तित्वात नाही म्हणतात. आता माझा नंबर टाकलाय. पण दार लॅचचं, आणि किल्ली फक्त माझ्याकडे आहे.

२३ सप्टेंबर
परत पडले. परत आईचाच नंबर. मी बदलला होता, मला पक्कं आठवतंय. या वेळी बाबा दाराबाहेरच्या पायरीवर बसलेले, तळपायांना ओली काळी माती. आमच्या गल्लीत सगळी फरशी आहे. ती फोनवर काय बोलते, विचारलं. म्हणाले, ‘उठू नोका, मी येऊन राहिली’, एवढंच बोलते. अन् येते.

हे शब्द बाबांचेच आहेत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई झेंडूच्या वाफ्यात पडली, खुबा मोडला. बाबा फुलं घेऊन इथल्या बाजारात आलेले. तिनं फोन केला तर म्हणाले, उठू नको, मी येऊन राहिलो. फुलांचा भाव चढत होता, म्हणून थांबले. पोचले अंधार पडल्यावर. तोवर आई संपली होती. तेरवीच्या दिवशी त्यांनीच रडत सांगितलं.

२६ सप्टेंबर
आता मुद्दाम पडतात. खुर्चीवरून, डोळे मिटून. रजा टाकून घरी बसले, तरी दूध उतरवायला गेले तेवढ्यात — गेटपाशी सापडले, तोंड तिवस्याच्या रस्त्याकडे. कपाळाला खोक. दर वेळी ती त्यांना थोडं पुढे नेऊन ठेवते. घड्याळ काढून घेतलं तर लेकरासारखे रडले. मग म्हणाले, तुही माय तुलेबी इचारते. पोरीची मीटिंग आटोपली काय, म्हणते.

हे बाबांना माहीत असणं शक्य नाही. त्या दिवशी आईनं मलाही फोन केला होता. मी कापला. मीटिंगमध्ये आहे, असा मेसेज टाकला. मीटिंग नव्हती. चहा पीत होते.

२९ सप्टेंबर
घड्याळ कपाटात, कुलपात. तरी आतून रिंग. बाबा पडलेले नाहीत, समोर बसलेत. ऐकून हसतात. जेवत नाहीत. शेजारच्या जाईबाईंनी विचारलं, झेंडू आतापासूनच आणला काय, वास येऊन राहिला. आणलेला नाही. मला भीती वाटते. ती बाबांना नेईल.

१ ऑक्टोबर, सकाळ
उद्या दसरा. बाबा नाहीत. कपाट उघडं, घड्याळ खाटेवर. पोलिसांत सांगून आले. तिवस्याच्या सूर्यभानकाकांना शेतावर पाठवलं. वाफ्यात कुणी नाही म्हणाले. नुसती माती उकरलेली, माणूस निजेल एवढी —

दुपारी दोन
बाबा कुठे आहेत, ते तीच सांगेल. घड्याळ मी बांधलंय. धम्मदीपसारखं अंग टाकायचं. गादी नको, तिला खरं वाटलं पाहिजे.

पडले. खुब्यात काहीतरी मोडलं. वही हाताशी आहे. रिंग जातेय —

उचलला. बाबा कुठे विचारलं. पोचले म्हणाली. मग विचारलं, मीटिंग आटोपली काय. हो म्हणाले. चुकलं म्हणाले, आई, चुकलं माझं.
उठू नको म्हणाली. येऊन राहिली.

चार
आली नाही. पाय हलत नाही. मोबाइल टेबलावर — हात पोचत नाही. घड्याळ दुसरा नंबर घेत नाही. हाका मारल्या, चक्की चालू —

पाच
परत लावला. तिनं कापला.

सहा वाजून गेले
चक्की थांबली. आवाज निघत नाही आता — तहान — बाहेर अंधार पडतोय. बाबा अंधार पडल्यावर पोचले होते —

दाराची किल्ली फिरतेय. किल्ली तर माझ्या —