तोंड फिरवल्याचा खुलासा

मी, बारकू लखमा चन्ने, वय ७२, धरणावरचा निवृत्त मुकादम, राहणार तानसा रोड, ता. शहापूर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाने नव्हे तर माझ्याच हट्टाने लिहीत आहे. डोळे अधू आहेत, कान त्याहून अधू. बुद्धी शाबूत आहे. मुलगा शेखर म्हणतो, "आबांना दिसत नाय, ऐकू येत नाय, त्यांचा कागद कोर्टात टिकतोय का?" म्हणून जाड पेनाने, एकेक अक्षर मोठे काढून, स्वतः लिहितो आहे. टिकेल.

१. घर माझ्या कमाईचे आहे. माझ्यामागे पत्नी धोंडाबाई हयात असेपर्यंत ते तिचे. तिला कुणी उठवू नये. नंतर अर्धे शेखरचे, अर्धे मुलगी वंदना हरेश पष्टे हिचे.

२. वीस गुंठे भातशेती शेखरची. तो माझ्याशी भांडला, म्हणून त्याचे राबणे खोटे ठरत नाही.

३. पुस्तके गावच्या बुद्धविहाराला. कपाटाला कुलूप घातल्यास ही देणगी रद्द.

४. वंदनाला अर्धे घर का, असे विचारले जाईल. १९९७ साली तिने हरेशशी, कुणब्याच्या मुलाशी, लग्न केले आणि दोघे मुरबाडहून आशीर्वाद मागायला माझ्या दारात आले. जात मोडा, असे मी तीस वर्षे सभांतून गरजलो होतो. त्या दिवशी मी तिच्यासमोर तोंड फिरवले. ती रडत परत गेली. जाताना आईला म्हणाली, "आबांची भाषणं लोकांच्या पोरींसाठी होती गो."

खरे असे आहे. माझ्या डोळ्याचा पडदा वयामुळे मधोमध झिजला आहे. सरळ पाहिले की माणसाच्या तोंडाच्या जागी करडा डाग येतो. मान वळवली की कडेने चेहरा दिसतो. मी तिला पाहण्यासाठीच तोंड फिरवले होते. ती काय बोलली, ते मला कळलेच नाही. कान आधीच मंदावले होते. इतकी वर्षे मी ओठ पाहून ऐकत होतो, हे माझे मलाच ठाऊक नव्हते. ओठ दिसेनासे झाले, तेव्हा ऐकणेही गेले.

ती काय बोलून गेली, ते धोंडाबाईने कानाशी ओरडून सांगितले. मी दुसऱ्याच दिवशी मुरबाडला जायला हवे होते. गेलो नाही. वक्त्याला समोरची माणसे दिसत नाहीत, हे कबूल करायची लाज वाटली. टोमणाही झोंबला होता. धोंडाबाई म्हणाली, "डोलं गेलं सांगाया लाज वाटते, पोर गेली त्याची नाय?" त्याला सहा वर्षे झाली, आज हा कागद लिहायला बसलो.

५. माझे भिंग आणि कानाचे यंत्र गावातल्या गरजूला द्यावे. शहापूरच्या शिबिरातले डॉक्टर म्हणाले, उतारवयात ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसात सापडतात. एकामुळे दुसरे होतेच असे नाही, पण डोळे किंवा कान, एक गेले की दुसऱ्याचा आधार सुटतो. तेव्हा डोळे तपासायला जाल, तर कानही तपासून या. वयाला लाजू नका. मी लाजलो.

६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. हे तसे ठेवू नये. साक्षीदार विठू याने उद्याच मुरबाडला जाऊन याची नक्कल वंदनाच्या हाती द्यावी. तिला मला शिव्या द्यायच्या असतील, तर त्या ऐकायला मी असायला हवा. द्यायच्या तर उजव्या कानाशी, मोठ्याने द्याव्यात. तो अजून थोडा चालतो.

सही ओळीखाली घसरली आहे, माझीच आहे.

बारकू लखमा चन्ने

आमच्या देखत लिहिले, आमच्या देखत सही केली:
१. विठू गोजर उबाळे
२. कमळू भवार

शहापूर, ९ फेब्रुवारी २००३