चिमण्यांचा वाडगा

कराची,
४ सप्टेंबर २०१९

आदरणीय फुफीजान यांस,
नय्यराचा सलाम वि. वि.

तुमचे कान टेलिफोनशी जमवून घेत नाहीत हे माझ्या पथ्यावरच पडले आहे, कारण त्या निमित्ताने वर्षाकाठी चार पत्रे तरी लिहून होतात. सोबत नवी कादंबरी पाठवीत आहे. तुम्ही ती हाती तांबडी पेन्सिल घेऊनच वाचणार, हे ठाऊक आहे. भूगोलाच्या प्राध्यापिकेची भाची असण्याची शिक्षा मी शाळेपासून भोगते आहे.

कादंबरी आईवेगळ्या जोहराची आहे. वडील आणि थोरली बहीण तिला जीव लावून वाढवतात, तरी आपले खरे घर दुसरीकडेच कुठेतरी आहे असे तिला सारखे वाटत राहते. प्रकाशनाच्या दिवशी एका गृहस्थांनी उठून विचारले, की यातले तुमच्या घरचे किती. मी म्हटले, काहीच नाही, सगळी कल्पना. बिर्याणीची देग उघडावी आणि आत नुसता भात निघावा, तसे त्यांचे तोंड झाले.

आता खरी बातमी. डिसेंबरातल्या स्वतःच्या लग्नासाठी आमच्या धाकटीने, महरुखने, जड गरारा साफ नाकारला आहे. सक्करच्या मंडळींना नवरी दाखवायची आहे की कपड्याचे दुकान, असे ती मलाच विचारते. तुमच्याकडच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचा रंग या विषयावर तिचे आणि होणाऱ्या नवऱ्याचे, तुमच्या सरमदचे, फोनवर रोज भांडण चालते. काल मी तिला चिडवले, की रुखसतीच्या, पाठवणीच्या वेळी रडायची तालीम करून ठेव. तर म्हणाली, की आपा, बाकीच्या मुली परक्या घरी जातात म्हणून रडतात, मी तर सख्ख्या आत्याकडे, फुफीकडे निघाले, मी कशाला रडू.

अब्बा असते तर हे ऐकून सुखावले असते.

पुस्तक आवडो न आवडो, लोभ कमी करू नये, ही विनंती.

आपली,
नय्यरा

सक्कर,
१५ सप्टेंबर २०१९

चि. नय्यरा हिस,
अनेक दुआ.

पुस्तक मिळाले. निम्मे वाचून झाले आहे. धीर धरवत नाही, म्हणून दोन चुका आत्ताच कळवते. पहिली : जोहराचे वडील खैरपूरच्या बागेत नोव्हेंबरात खजूर उतरवून घेतात. बेटा, आमच्याकडे खजूर उतरतो जुलै-ऑगस्टात, ऐन उन्हाच्या कहरात, कारण फळ पिकायला तोच कोरडा ताव लागतो. नोव्हेंबरात त्या झाडावर चढणाऱ्याच्या हाती फक्त काटे लागतील. दुसरी : बंधाऱ्यावर उभी राहून जोहरा नदीत मावळणारा सूर्य पाहते. ती बंधाऱ्याच्या कोणत्या टोकाला, कोणत्या महिन्यात उभी आहे, हे सांगितल्याशिवाय ते मी मान्य करणार नाही. तू आलीस की तुला तिथे नेऊन दाखवीन. सारे काही दिशेवर अवलंबून असते आणि ते समजून घेण्यात फार मौज आहे.

बाकी पुस्तक चांगले आहे. कॉलेजातल्या बायकांना मी ते लपवून दाखवते, म्हणजे जास्त मागतात.

वरची खोली सरमदने पिस्त्याच्या रंगाने रंगवायला घेतली आहे. रंगारी बोलावू दिला नाही. त्याचे अब्बा म्हणाले, की इंजिनिअर केला तो भिंती रंगवायला का. यावर हा म्हणतो, की तिने चूक काढली तर निदान शिव्या मला एकट्यालाच बसतील.

राहिलेले पुस्तक वाचून पुन्हा लिहिते. महरुखला माझे प्रेम सांग आणि दोघीजणी जेवत जा.

तुझी,
अनीसा फुफी

सक्कर,
२२ सप्टेंबर २०१९

चि. नय्यरा हिस,
अनेक दुआ.

हे पत्र तू एकटी असताना वाच.

पुस्तक संपले. खिडकीचे प्रकरण मी पुन्हापुन्हा वाचले. शहर बंद आहे, दुधाचा डबा संपला आहे, आई इस्पितळात आहे आणि तान्ही जोहरा रडून निळी पडते आहे. थोरली बहीण दारातून पाहते, तर घरी राहायला आलेली आत्या खिडकीशी बसून, दुपट्टा ओढून, बाळाला पाजते आहे. खिडकीत चिमण्यांच्या पाण्यासाठी ठेवलेला वाडगा त्या दुपारी कोरडा आणि पालथा आहे, म्हणून चिमण्या येऊन तशाच परत जातात.

आता मी जे सांगते ते क्रमाने ऐक. त्या उन्हाळ्यात मी बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे तुमच्याकडे, आले होते. तू नऊ वर्षांची होतीस आणि सरमद तीनचा. माझे बाळ राहिले नाही. त्याच आठवड्यात भाभीला महरुख झाली, तिला ताप भरला आणि इस्पितळातून ती परतली नाही. हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे : बाळ गेले तरी आईचे दूध येत राहते. ते पिळून टाकावे लागते, नाहीतर ताप चढतो. ते कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून सुईणीने मला एक वाडगा दिला होता. तो भरला की मी पेरूच्या मुळाशी ओतून येई आणि खिडकीत पालथा घाली. हे मी कुणालाही सांगितले नाही. कोणती बाई सांगेल? चिमण्यांचे पाणी हे तुझ्या बालबुद्धीने लावलेले कारण आहे. पण वाडगा खरा होता, तेव्हा तू त्या दारात होतीस हेही खरे.

माझे म्हणशील तर ते दिवस पुसलेल्या फळ्यासारखे आहेत. महरुखचे रडणे आठवते. तिचे शांत होणे आठवते. मधले आठवत नाही. तुझ्या पुस्तकात वाडगा दुपारी कोरडा आहे; एरवी तोवर तो एकदा तरी भरून ओतलेला, ओला असे. तो कोरडा असेल तर त्या दिवशीचे दूध कुठे गेले, हे पुढच्याच ओळीत तू लिहून ठेवले आहेस.

तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला नियम सांगायला नको, तरी शंका उरू नये म्हणून सांगते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला एखाद्या बाईने एकदाच जरी पाजले, तरी ती त्याची दूध-आई होते आणि तिची आधीची-नंतरची सगळी मुले त्याची भावंडे होतात. रक्ताच्या भावंडांत लग्न होत नाही, तसे यांच्यातही होत नाही.

म्हणून तुला एकच विचारते. ते तू पाहिलेस, की रचलेस?

घरात अजून कुणाशी बोललेले नाही. सरमद वर रंगाचा दुसरा हात देतो आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
अनीसा फुफी

कराची,
३० सप्टेंबर २०१९

आदरणीय फुफीजान यांस,
सलाम वि. वि.

एकटीनेच वाचले, पण महरुखला माझा चेहरा वाचता येतो. तिने पत्र मागून घेतले आणि वाचल्यावर त्याची बारीक घडी घातली. मग म्हणाली, की आपा, तुझा धंदाच खोटे बोलण्याचा, त्याचे तुला बक्षीसही मिळते, मग एवढे एक माझ्यासाठी बोल. रचले असे लिही आणि पाकीट चिकटव. मी पाकीट बाजूला सारले, तेव्हा म्हणाली, की पुस्तकात लोकांच्या पोरी सुखी करतेस, घरातल्या पोरीची वेळ आली की तुला खरेपणा सुचतो. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी फक्त मीठ आणि किल्ली यांपुरती बोलली.

फुफीजान, तुम्ही सांगितलेत तसे मीही क्रमाने सांगते. मी एकेक पान अनेकदा लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. रचलेल्या गोष्टीला सांधे असतात आणि ते घासून लपवावे लागतात. खिडकीचे पान एका बैठकीत आले आणि त्यात एकाही शब्दाची खाडाखोड नाही. तेव्हा मला वाटले, आज हात चांगला चालतो आहे. दुपट्ट्याचा हिरवा रंग मी घातला, तो मला घातलेला आठवतो. वाडगा घातलेला आठवत नाही. तो तिथे होताच.

पाहिले असे शपथेवर म्हणवत नाही. पाहिले नाही, असे तर मुळीच म्हणवत नाही. प्रकाशनाच्या दिवशी त्या गृहस्थांना मी जे उत्तर दिले, ते आता मला मागे घ्यावे लागेल.

रागवा, पण पत्र लिहा.

आपली,
नय्यरा

सक्कर,
११ ऑक्टोबर २०१९

चि. नय्यरा हिस,
अनेक दुआ.

रागावू कशाला? तू खोटे लिहिले असतेस तर मला ते लगेच कळले असते आणि मी ते आनंदाने खरे मानले असते, याचीच मला भीती वाटत होती.

मी मुफ्तीसाहेबांकडे जाऊन आले. वयस्कर, शांत गृहस्थ आहेत. पुरावा म्हणावा तर दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन बाया साक्षीला हव्यात. आपल्याकडे आहे नऊ वर्षांच्या पोरीची आठवण आणि विसराळू आत्या. त्यामुळे लग्न केले तर ते बेकायदा ठरणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मात्र संशय आला असताना दूर राहणे बरे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. मी विचारले, की बरे म्हणजे किती बरे. ते म्हणाले, की बाई, हे तुम्ही मला मोजून मागू नका.

घरी येऊन मी सरमदला सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले. मग वर जाऊन रंगाचा डबा झाकून ठेवला आणि ब्रश रॉकेलमध्ये स्वच्छ धुतले. त्याला ती कामे करताना पाहणे मला जड गेले. संध्याकाळी म्हणाला, की महरुख म्हणेल ते मला मान्य आहे, फक्त नाही म्हणायची वेळ माझ्यावर आणू नका, माझ्याच्याने ते होणार नाही. त्याचे अब्बा म्हणतात, की पुरावा नाही तर विषय संपला, कार्डे छापायला टाका.

म्हणून निर्णय महरुखचा. ती हो म्हणाली तर मी दारात उभी राहून तिला सून म्हणून आत घेईन आणि या विषयावर जन्मात बोलणार नाही. नाही म्हणाली तरी दार तेच आहे. तिच्यावर कुणी, तूसुद्धा, जोर करू नकोस.

सांभाळून राहा गं दोघी.

तुझी,
अनीसा फुफी

कराची,
२७ ऑक्टोबर २०१९

फुफीजान,
महरुखचा सलाम.

आपा म्हणते, मायना नीट लिही. मायन्यातच अडकले होते, म्हणून उशीर झाला. तिच्याशी बोलू लागले आहे, काळजी नसावी. तिला म्हटले, पुढच्या पुस्तकात सगळे परग्रहावरचे लोक घाल.

मुफ्तीसाहेबांचा निरोप कळला तेव्हा मी आधी नाचले, खरे सांगते. पुरावा नाही, कार्डे छापा. दोन दिवस तशीच होते. मग लक्षात आले, की हो म्हणायचे तर रोज मनाशी एक वाक्य बोलावे लागेल : त्या दुपारी तसे काही झाले नाही.

फुफीजान, मला लहानपणापासून सांगितले गेले, की तू डब्याच्या दुधावर वाढलीस. शाळेत आईबद्दल निबंध लिहायला सांगत, तेव्हा मी आपाबद्दल लिही आणि बाई वर शेरा मारत, की विषय सोडून लिहिले आहे. आता चोविसाव्या वर्षी कळते आहे, की मी रडून निळी पडले तेव्हा कुणीतरी मला उचलले. जिचे स्वतःचे बाळ नुकतेच गेले होते, तिने उचलले. हे झाले नाही, असे मी म्हणू? सरमद हवा असेल तर मला हे परत द्यावे लागते. मी खूप प्रयत्न केला. देता येत नाही.

तेव्हा माझे उत्तर नाही असे आहे. फुफाजींना सांगा, की पुराव्याबद्दल ते बरोबर आहेत.

सरमदला हे पत्र तुम्ही वाचून दाखवू नका, त्याला स्वतः वाचू द्या. खोली त्याने रंगवून पुरी करावी. डिसेंबरात मी येईन, गाडीला उतरवून घ्यायला तुम्ही एकट्याच या. नियमाप्रमाणे आता त्याच्यासमोर मला डोक्यावरून पदरही घ्यावा लागणार नाही, इतका तो जवळचा झाला आहे. त्याला काय म्हणून हाक मारायची तो शब्द मला येतो. तो तोंडातून निघेपर्यंत त्याने माझ्यासमोर येऊ नये, एवढे त्याला सांगा.

तुम्हाला मात्र एक हाक मारून पाहायची आहे. ती मी कधी कुणाला मारलेली नाही, त्यामुळे कागदावर जमत नाही. तुम्हाला ऐकू कमी येते, म्हणून स्टेशनावर जरा मोठ्याने मारीन.

तुमची,
महरुख