डावीकडची सीट

भिंगार,
१९ नोव्हेंबर १९९५

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आणि शेंगदाण्याचे लाडू मिळाले. लाडू इतके टणक झालेत की गॅरेजवाल्या कानिफनाथने चाकाखाली दगडाऐवजी लावायला एक मागून नेला.

बातमी अशी, की २८ जानेवारीला नगरात जुन्या मोटारींचं प्रदर्शन आहे. अण्णा कामाला होते त्या वर्कशॉपातल्या साहेबांनी बदलीच्या वेळी मोडकी म्हणून अण्णांना देऊन टाकलेली आपली हिरवी दोन सीटची गाडी यंदा तिथे उभी राहणार. मी चालवणार, अण्णा डावीकडे बसणार. त्यांनी आतापासूनच वर्कशॉपचा कोट धुवायला दिलाय आणि टोपी उन्हात ठेवलीय.

मात्र जुनी तारांची चाकं गंजली आणि त्या मापाचे टायर आता मिळत नाहीत. पुण्याच्या भंगारात मला दीड इंच जास्त रुंद चाकं मिळालीत. लावून बघितली, गाडी काय दिसते म्हणून सांगू! पण मागचे टायर बाहेर येतात. मागच्या मडगार्डांची कड दोन बोटं कापली की काम सोपं, असं कानिफ म्हणतो. तुला कळवून ठेवतो, मागाहून बोलणी नकोत.

मुलांना पापा. आमच्यावर माया असू दे.

तुझा,
सम्राट


राहुरी,
२५ नोव्हेंबर १९९५

चि. सम्राट यास अनेक आशीर्वाद.

मागाहून नाही, आत्ताच बोलते. मडगार्ड कापायचं नाही.

लिंबाची फांदी पडून मागचं डावं मडगार्ड चेपलं, तेव्हा तू कॉलेजात सिनेमे बघत होतास. अण्णांनी वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून ठोकून नवं केलं. अकरा रविवार. पत्रा मी धरायचे. संध्याकाळी माझे कान वाजत असायचे आणि आई म्हणायची, हिला आता मोठ्यानं हाक मारा. त्या कडेला करवत लावलीस तर मी भिंगारची पायरी चढणार नाही.

रुंद चाकं हवीत ना? मग वाढलेली रुंदी आतल्या बाजूला घ्या. कानिफला एवढं जमत नसेल तर त्याने पंक्चर काढावीत. आणि जागा पुरते का हे अण्णांच्या रीतीनं बघा. आईच्या परातीतून ते कणकेचे गोळे उचलायचे आणि मडगार्डाच्या आत चिकटवायचे. मग वजन म्हणून डावीकडे मला बसवायचे, मांडीवर दळणाचा डबा. गाडी गल्लीतल्या नालीवरून न्यायची. गोळा किती चेपला ते अण्णा अंगठ्याने बघायचे. तेव्हा मला वाटायचं, मी बसल्याशिवाय ही गाडी चालतच नाही.

अण्णांना रात्री दूध देत जा. राग धरू नकोस, पण ऐक.

तुझी,
अक्का


भिंगार,
७ जानेवारी १९९६

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

राहुरीत बसून हुकूम सोडणं सोपं आहे. तरी तुझा हुकूम पाळला. कानिफने चाकांच्या मधल्या तबकड्या काढून पुन्हा बसवल्या, म्हणजे रुंदी आत गेली. टायर थोडे बुटके घेतले. आता आत स्प्रिंगच्या पाट्यांपासून अर्धं बोट आणि बाहेर मडगार्डापासून एक बोट जागा आहे. तुझ्या मडगार्डावर ओरखडाही नाही. या खटाटोपात माझे सहा रविवार गेले, तेही मोजून ठेव.

कणकेचे गोळेही लावले. जसे लावले तसे गोल निघाले. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. मी सांगितलं, अण्णा, जमलं. ते उठून डाव्या मडगार्डाच्या आत बोट फिरवून गेले. हल्ली ते फारसं बोलतच नाहीत.

तू येतेस ना? लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझा,
सम्राट


राहुरी,
१२ जानेवारी १९९६

चि. सम्राट यास अनेक आशीर्वाद.

सहा रविवार मोजले. मी तुझं कौतुकच करतेय. त्याच दिवशी शाळेचं संमेलन आहे, मुख्याध्यापक रजा देत नाहीत. फोटो मात्र नक्की पाठव, अण्णा कोटात दिसले पाहिजेत.

एकच विचारते. गोळे गोल निघाले तेव्हा डावीकडे कोण बसलं होतं? उलट टपाली कळव.

अण्णांना मफलर बांध. सांभाळून चालव.

तुझी,
अक्का


भिंगार,
३० जानेवारी १९९६

ती. अक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

प्रदर्शन छान झालं. चाकांपाशी गर्दी होती. मडगार्ड न कापता एवढी रुंद चाकं बसवली कशी, असं मुंबईच्या एका गृहस्थांनी दोनदा विचारलं.

अण्णा आले नाहीत. सकाळी थंडी फार होती, तेच नको म्हणाले. फोटो सोबत पाठवतो.

कामाची घाई आहे, म्हणून एवढंच.

सम्राट


भिंगार,
५ फेब्रुवारी १९९६

चि. शुभांगीस रंभाजीचा लई लई आशीर्वाद.

मी हिकडं बरा हाय. तू सम्राटला लिवलेलं पत्र टेबलावर हुतं, ते मी वाचलं. त्यानं जबाब दिला नसंल, म्हनून मी देतो.

डावीकडं कुनी बसलं नव्हतं. गाडी मोकळी हुती. मी ओट्यावर हुतो. वाटलं, आता हाक मारंल. न्हाई मारली.

त्यानं तुला थंडीचं कारन कळवलं असंल, पन थंडी काय नव्हती. प्रदर्शनाच्या दिशी मी कोट घालून गाडीत बसलो हुतो. नालीवरून गेलो आन् डावा टायर घासला. चौकात पुन्हा घासला, रबर जळाल्यावानी वास आला. ते डावं मडगार्ड मी हातानं केलेलं, उजव्यापरीस पाव इंच आत वळलंय. माझीच चूक, मला ठाव हुती. सम्राट एकटा बसला तर टायर घासत न्हाई. मला उतरा म्हनला न्हाई, चला बी म्हनला न्हाई. मग मीच उतरलो आन् चालत घरी आलो.

तू म्हनलीस, कापायचं न्हाई. त्यो म्हनला, न्हाई कापत. अगं, पत्रा हाय त्यो. मी केला हुता, मीच अर्ध्या तासात कापून कड पुन्हा दुमडून दिली असती. मला इचारायचं दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाई.

त्याच्यावर रागवू नको. तुझ्यावर बी माझा राग न्हाई. कोट पेटीत ठिवला.

फोटूत डाव्या सीटवर काळं काय दिसतंय म्हनशील, ती माझी टोपी हाय. उतरताना ऱ्हायली.

सुट्टीत येऊन जा. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुझा,
अण्णा