तळव्यात तळवा

३ ऑगस्ट १९८६, रविवार

"हिचो हात कोणी धरू नकात गो. ही सोडता."

सासूबाईंचं वाक्य, बावीस वर्षांपूर्वीचं. आज मेथी निवडताना उगाच आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी, कोकणातल्या गावचं अंगण, वाडीतल्या सगळ्या बायका. आई, म्हणजे सासूबाई, फुगडीत नावाजलेल्या. नव्या सुनेला त्यांनीच मधे ओढलं. चार गिरक्या झाल्या आणि माझे हात सुटले. आई थेट तुळशीच्या कट्ट्यावर आपटल्या. उठल्या, लुगडं झटकलं आणि हे बोलल्या. बायका हसून हसून बेजार. तेव्हापासून गौरीत माझं काम ठरलेलं. चहा.

आईंच्या गुडघ्यांमुळे यंदा गावी जाणं नाही. गौरी इथेच मुंबईत, मरोळला, बिल्डिंगमध्ये. पहिल्या मजल्यावरच्या दोघी विचारायला आल्या, "वहिनी, फुगडीला येताय ना?"

"मी चहाचं बघते ना," माझं तोंड बोलूनही गेलं.

दुपारभर स्वतःवरच चिडले. त्रेचाळीस वर्षांची झाले की!

६ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत शालनला सांगितलं. एका कंपनीत, एका टेबलावर पॅकिंग, घरंही वर-खाली, तरी हे तिला कधी बोलले नव्हते.

"बावीस वर्षं चहा? सुमे, तुझी टपरी निघाली असती एव्हाना!"

मग म्हणाली, "संध्याकाळी गच्चीवर ये. गौरी-गणपती आम्ही करत नाही, पण तुझ्याबरोबर गरगर फिरायला माझं काय जातंय? लहानपणी फुगडीत मला कोणी हरवलं नाही."

आम्ही दोघी घाटावरच्या. आईंच्या भाषेत घाटिणी.

९ ऑगस्ट

गच्ची. दोरीवर कपडे वाळत घातलेले, ते आधी काढले. पदर खोचून सुरुवात.

हळू फिरते तोवर ठीक. वेग आला की माझी बोटं आपोआप उघडतात. मी उघडत नाही, तीच. सहा वेळा झालं.

शालन म्हणाली, "मी घट्ट धरलंय, तूच पळून जातेस."

खरंच आहे. आई म्हणाल्या होत्या तशीच आहे मी? रात्री पोळ्या दोन जास्त झाल्या, एक करपली.

१७ ऑगस्ट, रविवार

आरे कॉलनीत. गच्चीवर पोरं पत्ते घेऊन बसलेली, म्हणून शालनने ही टूम काढली. डबा, सतरंजी, बस. पाऊस थांबलेला, गवत ओलं. दोघी सपशेल पडलो. गोठ्यावरचा भैया धावत आला, "क्या हुआ बहनजी, चक्कर आया?"

शालन गवतात पडल्या पडल्याच म्हणाली, "हां भैया, बावीस साल पुराना चक्कर है."

इतकं हसले की बरगड्या दुखल्या. इतकं कधी हसले होते... आठवत नाही. कोपर सोलवटलंय.

१९ ऑगस्ट

आईंनी कोपर पाहिलंच. "खंय आपाटलंस?"

आधी 'जिन्यात' म्हटलं. त्यांनी कोपर धरून उजेडाकडे वळवलं. मग सगळं सांगितलं. वाटलं, आता टोमणा येणार.

पण आईंनी खाटेवरूनच दोन्ही हात पुढे केले, एकावर एक आडवे. "बोटां धरून काय होतला? तळव्यात तळवो बसाक व्हयो. आणि मागे रेल. तू भियान फुडे येतंस, म्हणान हात सुटता."

त्यांनी माझे हात धरले. बसल्या बसल्या मागे ओढलं. बापरे, काय पकड! सत्तरीची बाई!

तेवढ्यात हे आले. "काय चाललंय?"

"तुका काय करूचा हा? तू पेपर वाच."

२४ ऑगस्ट, रविवार

आज धीर करून आईंना मनगट दाखवलं. पांढरा वण. त्या पहिल्या फुगडीच्या दिवशी हातभर हिरवा चुडा होता. त्यांच्या पाटल्या माझ्या चुड्यावर दाबल्या गेल्या, काकणं फुटली, काच आत घुसली. म्हणून सोडला हात. त्या पडल्या तेव्हा मी पदराखाली रक्त दाबत उभी होते.

आईंनी वणावरून अंगठा फिरवला. दोनदा.

"तेव्हा कित्याक सांगूक नाय?"

"नवी होते. तुम्हाला लागलं होतं."

मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मियां इचारूक व्हया होता."

एवढंच. मी भात लावायला उठले. छान वाटत होतं.

७ सप्टेंबर

चतुर्थी. मोदक एकवीस, फुटले चार. आई म्हणाल्या, चारच फुटले, मोदक बरे. त्यांचं 'बरे' म्हणजे चांगले. गच्चीवर काल शालनबरोबर तीस गिरक्या. हात सुटले नाहीत.

११ सप्टेंबर

कसं लिहू!

निघताना आईंनी थांबवलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या बांगड्यांवर गुंडाळली, दोन्ही मनगटांना. दातांनी गाठ मारली.

खालच्या हॉलमध्ये त्यांना खुर्चीवर बसवलं. शालन मोरपिशी साडीत. आम्ही मधे गेलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, "अगोबाई, चहा कोण करणार?"

तळव्यात तळवा. मागे रेलले. हॉल फिरला, दिवे फिरले, गौर फिरली. भीती वाटली, तशी आणखी मागे रेलले. मधेच आईंचा आवाज, सगळ्यांच्या वर, "घाटिणींनू, थांबू नकात!"

थांबलो तेव्हा घेरी आली, शालनच्या खांद्यावर कपाळ टेकलं. आई टाळ्या वाजवत होत्या. चहा पहिल्या मजल्यावरच्यांनी केला. पांचट.

१२ सप्टेंबर, सकाळ

आज गौरी जाणार. आई खाटेवर बसल्यात, पाय खाली सोडून. मी इथे ओट्याशी लिहितेय, त्यांना वाटतंय मी वाणसामानाची यादी करतेय. त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकावर एक आडवे, आपलेच तळवे आपणच धरलेत. पावलं जमिनीवर ताल धरतायत. मी बघतेय हे त्यांना ठाऊक नाही.

डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायलाही बंदी केलीय. आई काय म्हणतील तेही ठाऊक आहे. "खुळी काय गो तू?" वर दोन शिव्या.

चहा उकळला की कप घेऊन जाणार, आणि विचारणार. आई, एकच गिरकी. अगदी सावकाश, इथेच, खाटेपाशी. माझे हात धराल?