डावऱ्या टाक्यांची कुंची

१५ जाने. ७४
रविवारी बारसं. खणाची कुंची मागितली. सासूबाई म्हणाल्या, "ती घराण्याची हाय, पोरांची. पोरीला टोपडं बास की." थोरलीच्या वेळीही हेच. दोन मुली झाल्या म्हणून दोनदा ऐकायचं? धाकट्या जाऊबाईंना सहावा लागलाय, त्यांच्या न झालेल्या मुलासाठी कुंची राखायची! बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

१६ जाने.
कुंची विरलीय, एक बंद तुटलाय. सा.बा. शिंप्याकडे देणार, कडेनं मशीन मारून वर नवी लेस. एवढा जुना खण, मशीनखाली टरकन फाटेल. शिवणक्लास काय उगाच केला? "मी हातानं शिवते" म्हणून घेतली. आता देणार नाही.

१७ जाने.
बाळ निजल्यावर उलटी करून पाहिली. मशीनचा एक टाका नाही. पाठीत मधेच काखेचा चौकोनी तुकडा, बाहीच्या जुन्या शिवणीची भोकं. म्हणजे चोळी उसवून शिवलीय! घराण्याचे कुलदीपक बाईच्या चोळीत मिरवले. हसू आवरेना.
आणि तुरपाईचे टाके सगळे उलटीकडे कललेले. डाव्या हाताचे. या घरात डावरं माणूस एकच, सा.बा.

१८ जाने.
सा.बा. शेगडी घेऊन खोलीत आल्या. मी कुंची समोर धरली. "हे टाके तुमचे." म्हणाल्या, "व्हय. माजीच चोळी. तुज्या वन्संसाठी शिवली हुती, माजी पहिली पोर. सासूनं हातातनं काढून घेतली. म्हनली, पोरीला कशाला? मग तुज्या नवऱ्याच्या बारशाला भाईर काढली."
वाईट वाटलं. रागही आला. "मग तुम्ही मला तेच कसं म्हणता?"
शेगडी तिथंच ठेवून गेल्या.
हे म्हणतात, "कशाला उकरून काढतेस?" उकरणार.

१९ जाने.
विरल्या जागी आतून मलमल लावली, दोरा जुन्याच भोकांतून घेतला. नवं भोक एक नाही. तुटका बंद तेवढा शिवायचा राहिला. पाठ भरून आली. कुंची उशाशी ठेवून निजते.

२० जाने., दुपार
पाळणा सजला, बायका यायला लागल्यात. सकाळी कुंची उशाशीच होती, पण बंद शिवलेला. टाके उलटीकडे कललेले. कुणासाठी शिवला, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
बाळाला घालतेय. कुणाला काढून घ्यायची असेल, तर चारचौघींसमोर घ्यावी.